विषयांतर

थोरल्या जावेने पायसाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, पदराची गाठ सोडून पुडी बाहेर काढली, आणि नेमकी तेवढ्यात वीज गेली.

टीव्हीचा पडदा काळा झाला. स्वर्णमअक्काच्या पुढच्या खोलीत जमिनीवर, खाटेवर, उंबऱ्यावर जागा मिळेल तिथे बसलेल्या बायकांच्या तोंडून एकदम हाय निघाली.

"मेली ती धाकटी! संपलं सगळं!"

"पायस नवरा खाणार आहे गं, धाकटी नव्हे. आज त्याचा वाढदिवस ना?"

"मग नवरा मेला!"

"शुक्रवारी कुणी मरत नाही," भिंतीला टेकून बसलेली वेण्बा म्हणाली. तिच्या मांडीवर मुरुक्कूचा, चकल्यांचा डबा होता आणि अंधारातही तिचा हात डब्यात बरोबर जात होता. "शुक्रवारी फक्त पुडी सुटते. मरायचं ते सोमवारी."

खोलीत हशा पिकला. स्वर्णमअक्का फडताळात मेणबत्ती चाचपडत होती. ती तिथूनच म्हणाली, "एवढी पुस्तकं लिहितेस, तर सांग की पुढचं. वीज येईपर्यंत तरी आमचा जीव टांगणीला ठेवू नकोस."

वेण्बाने हात झटकले आणि सांगायला सुरुवात केली. थोरल्या जावेचा घोगरा, गोड आवाज काढला. सासूच्या जपमाळेचा टकटक आवाज डब्याच्या झाकणावर नखाने वाजवून काढला. पुडीतलं विष पायसात पडलं, पण स्वयंपाक्याने ते पातेलं चुकून शेजाऱ्यांच्या घरी पाठवलं, आणि शेजारी कोण, तर थोरल्या जावेचा सख्खा बाप. इथे बायकांनी एकमेकींच्या मांड्यांवर थापा मारल्या. वीज परत आली तेव्हा पडद्यावर साबणाची जाहिरात नाचत होती. भाग संपला होता आणि त्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही.

बाहेर ओट्यावर अक्काचा नवरा आरुमुगम टाचा खाजवत बसला होता. कोविलपट्टीच्या त्या गल्लीतल्या मंडळाचा तो चिटणीस. बायका पांगल्यावर तो दारात येऊन उभा राहिला.

"तंगच्ची," धाकट्या बहिणीला हाक मारावी तशी त्याने वेण्बाला हाक मारली, "पोंगलच्या संध्याकाळी तुला काही काम आहे का?"

दरवर्षी पोंगलला गल्लीच्या तोंडाशी वादसभा व्हायची. एक विषय, दोन पक्ष, मधे एक पंच. विषय कितीही गंभीर शब्दांत मांडलेला असला तरी लोक यायचे ते हसायला. यंदाचा विषय होता, टीव्हीवरच्या मालिका घर जोडतात की मोडतात. ‘मोडतात’च्या बाजूने निवृत्त पोस्टमास्तर पिच्चुमणी सर उभे राहणार होते. विषय कुठलाही असो, दरवर्षी एका बाजूने तेच उभे राहत, आणि दरवर्षी तेच जिंकत. ‘जोडतात’च्या बाजूने बोलणारा शिंपी ऐनवेळी लेकीच्या बाळंतपणासाठी बेंगळुरूला गेला होता.

"मी?" वेण्बा म्हणाली.

"मग काय मी? लोकांना हसवायचंय. आत्ता अंधारात हसवलंस तसंच उजेडात हसवायचं, एवढंच."

 डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं तरी वेण्बा ते पुन्हा पुन्हा दाबत राहिली. सभेचं निमंत्रण तिला नवीन नव्हतं. तिची तीन पुस्तकं निघाली होती. पहिल्याच पुस्तकाच्या मलपृष्ठावर तिने स्वतःच्या फोटोखाली ‘तिरुनंगै’ हा शब्द छापून घेतला होता. मुलगा म्हणून जन्माला येऊन बाई म्हणून जगणाऱ्यांसाठी तमिळमध्ये असलेला तो मानाचा शब्द. त्यानंतर तिला गावोगावच्या सभागृहांत बोलावणी आली. तिथे तिला शाल मिळायची, चंदनाचा हार मिळायचा, आणि मग सूत्रसंचालक हलक्या आवाजात सांगायचा, की आता त्या आपली वेदना मांडतील. ती मांडायची. सभागृह गप्प व्हायचं, पहिल्या रांगेतल्या बायका पदराने डोळे टिपायच्या. नंतर चहा. त्या सभागृहांवर तिचा राग नव्हता. त्यांनी तिला नाव दिलं होतं, पोटाला दिलं होतं. पण ती संध्याकाळी साडेसात वाजता टीव्हीवर काय बघते, हे त्यांतल्या एकानेही कधी विचारलं नव्हतं.

"येते," ती म्हणाली. "पण सर माझी सालटी काढतील."

"काढू देत की. तुला काय सालटं नाही?" आरुमुगम म्हणाला आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसला.

पोंगलच्या चार दिवस आधी चेन्नईहून तिच्या प्रकाशकाचा, कदिरवनचा फोन आला. एका वाहिनीवर पोंगलच्या संध्याकाळी थेट कार्यक्रम होता, ‘काट्यांतली फुलं’ नावाचा. तिला गाडी पाठवणार होते.

"त्या संध्याकाळी मला जमणार नाही," वेण्बा म्हणाली.

"का? कुठे चाललीस?"

"कुठे नाही. गल्लीतच आहे. मालिकांवर भांडायचंय."

 मग कदिरवन सावकाश म्हणाला, "वेण्बा, लेखिकेची म्हणून एक प्रतिष्ठा असते. सासू-सुनांच्या रडारडीवर तू फळकुटांच्या मंचावर उभी राहणार? आणि सगळा तमिळनाडू तुझं ऐकायला बसलेला असताना?"

"त्यांना माझं सगळं ऐकून झालंय, अण्णा. या गल्लीला अजून व्हायचंय."

फोन ठेवल्यावर मात्र ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. चूक केली की काय, असं तिला वाटत होतं. आणि खरी भीती निराळीच होती. वादसभेत समोरच्याची खिल्ली उडवायची हा रिवाजच होता, त्याशिवाय लोकांना जेवल्यासारखं वाटायचं नाही. गेल्या वर्षी पिच्चुमणी सरांनी शिंप्याच्या टकलावर अशा काही कोट्या केल्या होत्या, की शिंपी स्वतः हसून हसून खुर्चीवरून घसरला होता. सर तिचं काय काढतील? काढण्यासारखं इतकं होतं. चाल होती, हात होते. आवाज तर होताच. माइकमधून तो आणखी जड येतो, हे तिला सभागृहांतून ठाऊक झालं होतं. बसस्टँडवर पोरं काय बोलतात ते तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण बसस्टँड सोडून निघून जाता येतं. घर याच गल्लीत होतं, स्वर्णमअक्काच्या माडीवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाली आली तेव्हा अक्का विळीवर नारळ खवत होती.

"अक्का, सर माझ्यावर काय बोलतील?"

"बोलतील की काहीतरी. ते कुणाला सोडतात?"

"तेच म्हणते मी."

अक्काचा हात थांबला. तिने वेण्बाकडे पाहिलं, मग करवंटी फिरवून घेतली आणि पुन्हा खवू लागली. पाच वर्षांपूर्वी वेण्बा या माडीवर राहायला आली, तेव्हा गल्लीने तिला वाईट वागवलं नव्हतं. लोक नमस्कार करायचे, पण दार अर्धंच उघडायचे. ती रोज साडेसातला जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून खालच्या खिडकीतून येणारे मालिकेचे संवाद ऐकायची. एक दिवस अक्का हातात पळी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली होती, पायरीवर बसून कसलं ऐकतेस, कोण रडतंय ते तरी कळतं का, आत ये. त्यानंतर ती आतच होती.

"तुझ्या सांबारावर बोलले," अक्का आता म्हणाली, "तर मी त्यांच्याच बाजूने टाळ्या वाजवणार. आधीच सांगून ठेवते."

पोंगलच्या संध्याकाळी मंचाच्या दोन्ही टोकांना उभे ऊस बांधले होते. माइकवाला ‘हॅलो, हॅलो’ करून थकला होता. कुणी घरून खुर्च्या आणल्या होत्या, कुणी चटया. दुपारच्या गोड भाताची सुस्ती अजून लोकांच्या डोळ्यांवर होती. मधल्या खुर्चीत पंच म्हणून वळ्ळिनायगी टीचर ताठ बसल्या होत्या. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर तमिळ शिकवलं होतं, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या बायका आज आज्या झाल्या तरी त्यांच्यासमोर आवाज खाली आणत. स्थानिक पेपरचा एक बातमीदार कॅमेरा गळ्यात घालून बाजूला उभा होता. तो वेण्बासाठी आला होता, हे सगळ्यांना दिसत होतं.

पिच्चुमणी सर आधी उठले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी नीट केला, सभेकडे पाहिलं आणि बोलायच्या आधीच लोक हसायला लागले.

"माझी पत्नी कोमदी समोर बसली आहे, म्हणून जपून बोलतो. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. पहिली तीस वर्षं ती विचारायची, जेवायला काय करू? गेली दहा वर्षं ती सांगते, जेवण झाकून ठेवलंय. सांबारात मीठ नाही म्हणावं, तर म्हणते, हळू बोला, ती रडतेय. कोण रडतेय? शेजारीण? मुलगी? नाही, टीव्हीतली! मी साडेसातला घरात मेलो, तर जाहिराती लागेपर्यंत कुणाला पत्ता लागायचा नाही!"

लोक कोसळले. कोमदीअम्मा तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि उसाकडे पाहत राहिल्या.

"आता आमच्या लेखिकाबाई," सर म्हणाले आणि वळले.

खुर्चीखाली वेण्बाचे दोन्ही पाय एकमेकांवर घट्ट दाबले गेले.

"परवा साडेसातला मी त्यांच्या माडीवर गेलो. हातात त्यांचं पुस्तक, म्हटलं सही घेऊ. कडी वाजवली. आतून आवाज आला. आता तो आवाज या गल्लीत कोण ओळखत नाही?"

 पुढच्या रांगेत स्वर्णमअक्काने मान वर केली.

"आवाज आला, ‘वेण्बा घरी नाही!’"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग कळलं आणि हशा असा उठला, की माइकवाल्याने दचकून आपल्या यंत्राकडे पाहिलं.

"कोण सांगतंय, वेण्बा घरी नाही? वेण्बाच! ज्या बाईच्या पुस्तकांवर लांबलांबच्या शहरांत चर्चा झडतात, त्या बाईला अर्ध्या तासाच्या मालिकेने खोटं बोलायला लावलं. स्वतःच्या घरात बसून स्वतः घरी नसल्याचं सांगणारी बाई मी तरी पहिल्यांदा पाहिली! ज्यांना स्वतःचाच पत्ता राहत नाही, त्यांची घरं जोडलेली म्हणायची की मोडलेली?"

आणि सर पुढे न्हाव्याच्या दुकानातल्या टीव्हीवर गेले. वेण्बा वाट पाहत राहिली. आणखी काहीतरी येणार, अजून खरं यायचंय, असं तिला वाटत होतं. काहीच आलं नाही. सर खाली बसले, टॉवेलने मान पुसली, आणि तिच्याकडे पाहून भुवई उडवली, तुझा डाव आला म्हणून. तिचे पाय सुटे झाले. आता कुठे तिच्या लक्षात आलं, की आपणही हसत होतो.

ती माइकपाशी गेली.

"टीचर, सर सांगतात ते साफ खोटं आहे. मी ‘वेण्बा घरी नाही’ असं म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, ‘जाहिरात लागली की या!’ आता सरांना पोस्टात जन्मभर निरोप इकडचा तिकडे करायची सवय, त्याला मी काय करू?"

टाळ्या पडल्या. सरांनी स्वतः मांडीवर थाप मारली. वेण्बाला हुरूप आला. तिने गल्लीकडे पाहिलं आणि गल्लीतलंच बोलायला लागली. एका घरातल्या सासू-सुना सकाळपासून एकमेकींशी शब्द बोलत नाहीत, पण साडेसातला टीव्हीतल्या सासूला शिव्या द्यायला दोघी एका खाटेवर बसतात, हे तिने सांगितलं. तीच शिवी घरात पडली असती तर भांडी फुटली असती. टीव्हीवर पडते म्हणून भांडी शाबूत आहेत. मग तिने आरुमुगमला धरलं.

"आमचे चिटणीस. लग्नानंतर यांना तीनच शब्द येत होते. जेवण, पाणी, झोप. आता रोज रात्री बायकोला विचारतात, काल त्या धाकटीचं काय झालं? चौथा, पाचवा, सहावा, किती शब्द झाले बघा! कुठल्या डॉक्टरने हे केलं असतं?"

स्वर्णमअक्का चटईवर अक्षरशः लोळत होती. पुढच्या रांगेत एक म्हातारी इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने पदराच्या टोकाने ते टिपलं.

वेण्बाची नजर नेमकी त्या पदरावर गेली. पुढच्या रांगेतला पदर आणि टिपलेले डोळे. मग काय झालं ते तिचं तिलाही नीट कळलं नाही. जीभ सवयीच्या वाटेला लागली.

"मी अठराव्या वर्षी घरातून निघाले," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "मला कुणी आत या म्हटलं नाही. ज्यांना कुणाचंच घर नसतं, त्यांना गोष्टीतलं घर तरी…"

हसू विरत गेलं. ती बोलत राहिली. आईचं सांगितलं, बंद दारांचं सांगितलं. लोक गप्प होते. ही शांतता तिच्या चांगल्या ओळखीची होती. कॅमेरा दोनदा चमकला. आरुमुगम खाली मान घालून बसला होता. पिच्चुमणी सरांनी टॉवेल मांडीवर घेऊन घडी घातली. वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा टाळ्या आल्या, सावकाश, मान राखून वाजवलेल्या. ती खुर्चीकडे परतली. इतका वेळ ज्यांच्यात ती बसली होती, ते लोक अचानक दूर कुठेतरी बसल्यासारखे दिसत होते.

टीचर उठल्या. त्यांना माइकची गरज लागत नसे.

"दोघेही चांगले बोलले. एकाने शेवटपर्यंत विषय धरला, दुसरीने मधेच सोडला. तेव्हा मालिका घर मोडतात, असा निकाल मी देते. मी स्वतः त्या पाहते, ही गोष्ट वेगळी."

वेण्बाने टाळ्या वाजवल्या. सरांशी हात मिळवला. तोंडावरचं हसू तिने बातमीदाराची पाठ वळेपर्यंत टिकवलं, आणि मग मंचामागे, जिथे टीचर चप्पल शोधत होत्या, तिथे ती तडक गेली. तिचे कान तापले होते.

"टीचर, विषय सोडला म्हणजे काय?"

"म्हणजे सोडला," टीचर म्हणाल्या. "पहिलं अर्धं भाषण तू इथे केलंस. दुसऱ्या अर्ध्यात तू दुसऱ्याच कुठल्या सभेला निघून गेलीस."

"लोकांना ते भिडलं. तुम्ही पाहिलंत."

"भिडलं. मलाही भरून आलं. पण विषय तो नव्हता." एक चप्पल सापडली. त्यांनी ती पायात सरकवली. "पिच्चुमणीने मधेच आपल्या आईच्या मरणाची गोष्ट घुसडली असती, तर त्याचेही गुण मी कापले असते. तुझे का नाही कापायचे? सांग ना."

वेण्बाची नजर उसाखाली पडलेल्या दुसऱ्या चपलेवर गेली.  आजवर इतक्या सभागृहांतून ती बोलली, पण तिचं भाषण कुठे घसरलं, हे तिला एकानेही सांगितलं नव्हतं. लोक तिचे हात हातात घ्यायचे. काही जण रडायचे.

"ती दुसरी त्या उसाखाली आहे, टीचर," तिने वाकून चप्पल काढून दिली.

"चांगलं बोलतेस तू," टीचर म्हणाल्या. "तयारी करत नाहीस." आणि त्या निघून गेल्या.

घरी येताना स्वर्णमअक्काचा पारा चढलेला होता. सभा सुटल्यापासून ती थांबलीच नव्हती.

"आपण हरलो! त्या पोस्टमास्तरासमोर हरलो! आता वर्षभर तो मिशीला पीळ भरणार. आणि तुला गं कुणी सांगितलं होतं रडवायला? चांगले लोक लोळत होते. तिकीट काढून रडायचं असतं तर थिएटरला नसते का गेले? मी तुला मुद्दे काढून दिले होते, मी! सासूची रक्तदाबाची गोळी सून मालिकेच्या वेळी न चुकता देते, तो मुद्दा विसरलीस ना?"

"विसरले, अक्का."

"विसरले म्हणे!"

आरुमुगम दोन पावलं मागून चालत होता. त्याने घसा खाकरला. "मी टीचरच्या कानावर घातलं होतं. म्हटलं, पेपरवाले आलेत. निकाल आपल्या वेण्बाकडे गेला तर बरं दिसेल. तिचंही एक… म्हणजे, तिने इतकं सोसलंय. बाई ऐकेचना. म्हणाली, मग निकालही पेपरवाल्यांनाच द्यायला सांग."

वेण्बा थांबली. दिव्याच्या खांबाखाली कुणीतरी उसाची चिपाडं टाकली होती, आणि एक वासरू ती चघळत होतं. आरुमुगमला वाटलं तिला लागलं.

"माझ्या मनात वाईट नव्हतं, तंगच्ची."

"माहीत आहे, अण्णा," ती म्हणाली.  "बरं झालं त्यांनी ऐकलं नाही ते."

"काय बरं झालं? हरलो ना आपण!" स्वर्णमअक्का ओरडली.

"हो ना," वेण्बा म्हणाली. "हरलो आपण." तिला हसू फुटलं आणि आवरेना. अक्का तिच्याकडे वेड लागल्यासारखी पाहत राहिली, मग तीही चिडत चिडत हसली.

सकाळी वेण्बा दूध आणायला उतरली. रात्री कुणी लवकर झोपलं नसावं, गल्ली आज उशिरा उठत होती. दारादारांत बायका कोलमची रांगोळी घालत होत्या. गायीच्या शिंगांना रंग लावायचा दिवस होता, आणि कुठूनतरी ओल्या रंगाचा वास येत होता. टीचर आपल्या दारात वाकून पांढऱ्या पिठीने ठिपके मांडत होत्या. पलीकडच्या ओट्यावर पिच्चुमणी सर पेपर वाचत बसले होते. पेपरात पान चारवर वेण्बाचा फोटो होता, डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं. आणि मथळा, ‘पोंगल वादसभेत पिच्चुमणी पुन्हा विजयी’.

"या, लेखिकाबाई!" सर पुढच्या चौकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "हरलेल्या पक्षाने सकाळी गल्लीला दूध वाटायचं असतं. पद्धत आहे इथली!"

वेण्बा थबकली. सरांच्या पायाशी हॉटेलातून आणलेलं पार्सल पडलं होतं. केळीचं पान, सुतळी, इडलीचा चुरा. आत खिडकीत कोमदीअम्मा पाठ करून उभ्या होत्या, आणि त्या पाठीवरून बाकीचं सगळं कळत होतं.

"वाटते की, सर," ती म्हणाली. "पण आधी एक सांगा. अम्मांनी काल रात्रीपासून चूल पेटवलेली दिसत नाही. घर मालिकेने मोडलं, की तुमच्या भाषणाने?"

एका दारातून खुदकन हसू आलं. मग दुसऱ्या. कोलम घालणारी एक मुलगी हसता हसता ठिपक्यांवरच बसली. आपल्या दारातून स्वर्णमअक्काने "असंच! असंच!" म्हणून पळी आपटली. सरांनी पेपर तोंडासमोर धरला, पण पेपर हलत होता. आणि आतून कोमदीअम्मांचा आवाज आला, अजून रागातलाच, पण बाहेर येऊ पाहणारा.

"विचार, विचार! त्यांना म्हणावं, आज दुपारी हॉटेल उघडं आहे का ते बघा!"

टीचरनी मान वर केली नाही. त्यांच्या बोटांतून पिठीची रेघ ठिपक्यांना वळसा घालत पुढे चालली होती.

"हा मुद्दा काल मांडायचा होतास," त्या म्हणाल्या.

"काल सुचला नाही, टीचर. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी विषय वेगळा असेल."

वेण्बाने दुधाची रिकामी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पिठीवर पाय पडू नये म्हणून ती कडेने, भिंतीला धरून निघाली.

"असू दे, टीचर," ती म्हणाली. "वेगळाच असू दे."